खपले तेच चांगले?

मोहल्ल्यातल्या वाचनालयासाठी गेल्या वर्षी थोडी रक्कम जमा झाली. परदेशात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनी पाठवलेली. रक्कम फार मोठी नव्हती, पण एक कपाट भरेल इतकी होती. बालविभागासाठी पुस्तके कोणती घ्यावीत हे ठरवायला बैठक बोलावली गेली. आम्ही एकेकाळी शाळेत मराठी शिकवत होतो, एवढ्याच भांडवलावर आम्हालाही बोलावणे आले.

बैठकीपुढे दोन गोष्टी होत्या. एक, नव्या चित्रकथांची यादी. आखाती देशात काही वर्षे काढून परतलेल्या एका तरुण सभासदाने ती तयार केली होती आणि त्यात जवळजवळ सगळी पुस्तके एकाच प्रकाशनाची, म्हणजे ‘अमर चित्र कथा’ची होती. दुसरी गोष्ट एक पत्र्याची ट्रंक. राजिवड्यातल्या एका कुटुंबाने घर दुरुस्तीला काढले, तेव्हा माळ्यावरून ती निघाली. आत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे जुने मराठी अंक होते. वेताळ, मँड्रेक, बहादूर. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली पाने शाबूत. घरच्यांनी मोठ्या प्रेमाने ती ट्रंक वाचनालयाला दिली होती.

तरुण सभासदाने आकडा काढला. “मास्तर, अमर चित्र कथेच्या दहा कोटींच्या वर प्रती खपल्यात. इंद्रजाल बंद पडून किती वर्षं झाली! लोकांनी कौल दिलाय. जे चांगलं ते टिकलं, जे टिकलं नाही ते रद्दीत घाला.” बैठकीतल्या बहुतेक माना हलल्या. ज्येष्ठ चाचांनी तर ट्रंक विकून येतील त्या पैशांत दोन पुस्तके जास्त घेण्याची सूचनाही केली. आम्ही विरोध केला, पण तो नीट मांडता आला नाही. दहा कोटींपुढे एका निवृत्त मास्तराचा आवाज तो काय! मगरिबची अजान झाली आणि बैठक तशीच उठली. त्या संध्याकाळी जे बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहोत, कारण प्रश्न एका ट्रंकेचा नाही. खपाच्या तराजूत दर्जा तोलण्याची सवय आपल्या कौमला लागते आहे, आणि त्या तराजूत उद्या आपण स्वतःही तोलले जाणार आहोत.

आधी दोन्ही पक्षांची ओळख करून घेऊ. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ 1964 च्या मार्चमध्ये सुरू झाले. प्रकाशक टाइम्स ऑफ इंडिया चालवणारी बेनेट, कोलमन कंपनी. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा वेताळ आणि जादूगार मँड्रेक ही त्यांची मुख्य दौलत. आठशेच्या वर अंक काढून 1990 मध्ये ते बंद पडले. ‘अमर चित्र कथा’ 1967 मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे सुरू केली. पै त्याआधी टाइम्समध्येच होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. म्हणजे हे दोन प्रतिस्पर्धी एकाच घरातून निघाले म्हणायला हरकत नाही. पुढे 2007 मध्ये ही मालिका नव्या मालकांकडे गेली, 2011 मध्ये पै वारले, पण मालिका आजही चालू आहे. चारशेच्या वर पुस्तके, वीस भाषा आणि दहा कोटी प्रती हा प्रकाशकांचा स्वतःचा हिशेब.

आता या दहा कोटींकडे जरा शाळामास्तराच्या नजरेने पाहू. दहा कोटींना चारशेने भागा, एका पुस्तकाच्या वाट्याला अडीच लाख येतात. त्यांना वीस भाषांनी भागा, साडेबारा हजार. ते पन्नासहून अधिक वर्षांवर पसरा, एका भाषेत एका पुस्तकाच्या वर्षाला अडीचशेसुद्धा प्रती पडत नाहीत. सरासरी फसवी असते हे आम्हालाही कळते. इंग्रजी ‘कृष्ण’ भरपूर खपला असेल, कुठल्या भाषेतले एखादे पुस्तक धूळ खात पडले असेल. पण नेमके हेच तर आमचे म्हणणे आहे. एवढा मोठा आकडा ऐकून छाती दडपते, मात्र तुमच्या हातातले पुस्तक चांगले की वाईट याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही.

शिवाय दोघांचा माल विकण्याची रीतच वेगळी. इंद्रजाल हे नियतकालिक होते. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. नवा अंक आला की जुना शिळा. अमर चित्र कथेचे प्रत्येक पुस्तक म्हणजे कायमचा माल. तेच पुन्हा छापायचे, नव्या पिढीला विकायचे, पाच-दहा एकत्र बांधून जाड पुठ्ठ्यात द्यायचे. वर्तमानपत्र आणि क्रमिक पुस्तक यांच्या प्रतींची बेरीज शेजारी शेजारी मांडून कुणी वर्तमानपत्राला नापास करील काय?

आता वाहतुकीचा प्रश्न घ्या. ज्याने रत्नागिरीत बालपण काढले त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला 1998 साल उजाडले. तोवर रेल्वे स्थानकावरचा व्हीलरचा स्टॉल आम्ही मुंबईला गेलो तरच पाहायचो. गावात जे यायचे ते घाट उतरून एस.टी.ने, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर. वर्तमानपत्र काढणाऱ्या कंपनीचे कॉमिक त्याच गठ्ठ्यातून यायचे, म्हणून स्टँडवर इंद्रजाल दिसायचे. ते अधिक चांगले होते म्हणून नव्हे! अमर चित्र कथा आम्ही प्रथम पाहिली ती शाळेच्या बक्षीस समारंभात. तिचा रस्ता वेगळा होता. पै यांनी शाळा आणि पालक गाठले. 1978 मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणात चित्रकथेचे स्थान काय, यावर परिसंवाद घेतला. हे त्यांचे कर्तृत्व आहे आणि आम्ही ते मान्य करतो. पण हे विक्रीचे कर्तृत्व आहे. ज्याची गाडी गावात आली त्याचा माल खपला, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आणि जो वाचला गेला पण खपला नाही, त्याचे काय? आमच्या आळीत एक दुकानदार दोरीवर अंक टांगून ठेवायचा आणि भाड्याने वाचायला द्यायचा. एक इंद्रजाल शंभर हातांतून जायचे. पान सुटले की तो खळ लावायचा आणि पुन्हा दोरीवर टांगायचा. प्रकाशकाच्या वहीत त्या अंकाची नोंद एकच, ‘एक प्रत’. भेट मिळालेले, काचेच्या कपाटात ठेवलेले, एकदाही न उघडलेले पुस्तक, तेही ‘एक प्रत’. खपाच्या हिशेबात या दोन प्रती सारख्या. आमच्या हिशेबात नाहीत.

विकत कोण घेतो, हाही प्रश्न आहे. चित्रकथा वाचतो मुलगा, पैसे देतो बाप. बापाला वाटते, पैसे घालायचे तर मुलाने काही ‘शिकावे’. म्हणून देवादिकांच्या, राजांच्या, संतांच्या कथा खपतात आणि मुखवटा घातलेल्या वेताळाच्या कथेला ‘वेळ वाया’ म्हणतात. म्हणजे खपाचा आकडा पुष्कळदा बापाच्या मनातली भीती आणि हौस मोजतो, मुलाचा आनंद नव्हे. त्याच प्रकाशनाच्या यादीतली ‘चाँदबीबी’ ‘कृष्णा’इतकी खपली नसेल, तर तिची चित्रे कच्ची होती म्हणून? की घेणाऱ्या घरांची संख्याच वेगळी होती म्हणून? उत्तर तुम्हीच द्या.

खुद्द ‘कृष्णा’चेच उदाहरण पुरेसे आहे. राम वाईरकरांनी काढलेले हे पुस्तक पुढे मालिकेचा कणा ठरले. पण सुरुवातीच्या वर्षांत पै यांना पुस्तकविक्रेते दारात उभे करीत नव्हते, खप किरकोळ होता. मग जे पुस्तक खपत नव्हते तेव्हा ते वाईट होते आणि खपू लागले त्या दिवशी चांगले झाले काय? वाईरकरांची रेषा काय रातोरात सुधारली?

आणखी एक दाखला देतो. पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेसाठी कितीतरी पुस्तके चितारली. 1986 मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ काढला, तेव्हा सुरुवातीचे अंक याच मुळीकांच्या हातचे. हात तोच, शाई तीच. एका प्रकाशनात तो हात ‘संस्कारक्षम’ ठरला, दुसऱ्यात ‘गल्लाभरू’. प्रकाशनावरून किंवा खपावरून दर्जा ठरवणाऱ्यांनी मुळीकांचे चित्र नेमक्या कोणत्या कप्प्यात ठेवायचे ते सांगावे.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचे झाले. प्रगत देशांत बाजार बरोबर निवाडा करतो. तिकडेही पाहून घेऊ. अमेरिकेत मार्व्हल आणि डीसी हे जुने प्रतिस्पर्धी. मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ मालिकेचा 1991 मधला पहिला अंक ऐंशी लाखांहून अधिक खपला, आणि तो विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला. कसा खपला? एकाच अंकाला पाच वेगवेगळी मुखपृष्ठे लावली, म्हणजे हौशी माणसाने पाचही घ्यावीत. पुढे किंमत वाढेल या आशेने लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले. शिवाय हा आकडा दुकानदारांनी उचललेल्या प्रतींचा, वाचकांच्या हाती पडलेल्या नव्हे. ती आशा फुटली, बाजार कोसळला, दुकाने बंद पडली आणि 1996 च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. याच काळात, 1992 मध्ये, आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नाझी छळातून वाचलेल्या आपल्या बापाची ही चित्रकथा त्यांनी 1980 पासून स्वतः व पत्नीने चालवलेल्या लहानशा नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने दिली होती. तेव्हाचा खपाचा तक्ता पुढे धरला असता, तर ‘माउस’ आपल्या ट्रंकेबरोबर रद्दीत गेले असते!

पण एवढ्या दूर जायची गरज नाही. रत्नागिरीच्या माणसाला खप आणि दर्जा यांतला फरक आंब्याने शिकवला आहे. वाशीच्या बाजारात ‘हापूस’ लिहिलेल्या किती पेट्यांत कर्नाटकचा आंबा निघतो, हे आपल्या बागायतदारांना विचारा. ते आंबे खपतात, खूप खपतात, स्वस्त म्हणून आमच्यापेक्षा अधिक खपतात. म्हणून ते अधिक चांगले, असे या मोहल्ल्यात कुणी म्हणून दाखवावे! 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यासाठी आपल्या लोकांनी वर्षानुवर्षे खटपट केली. का केली? पेटीवरचे नाव विकले जाते, आत काय आहे ते पेटी उघडल्यावरच कळते म्हणून. आंब्याच्या बाबतीत जी अक्कल आपण दाखवतो, ती मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत का गहाण ठेवतो?

तर मग पेटी उघडू या. दर्जा ठरवायचा तर प्रती मोजू नका, चौकटी मोजा.

वेताळाच्या चौकटी मोजल्या तर आम्हाला लाज वाटावी असे बरेच दिसते. आफ्रिकेसारख्या कुठल्याशा अरण्यात पिढ्यानपिढ्या एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि काळी माणसे त्याच्या न्यायाची वाट पाहतात. हे लहानपणी आम्हाला खटकले नाही, आज खटकते. ट्रंकेवर आमचे प्रेम आहे, पण ते आंधळे नाही.

अमर चित्र कथेच्या चौकटी मोजा. बाबर, हुमायून, अकबर, जहांगीर, शाहजहान, नूरजहान, शेरशाह, रझिया, चाँदबीबी, टिपू. यादी लहान नाही, हे कबूल. पण यांत मुसलमान दिसतो तो बहुतेक तख्तावर नाहीतर घोड्यावर. कबीर मागावर बसला, म्हणून एक विणकर तरी दिसला. जाळे विणणारा, गलबत हाकणारा, चुना लावून भिंत रंगवणारा, शाळेत फळ्यावर ‘ज्ञानेश्वर’ लिहिणारा मुसलमान आमच्या मुलाला कुठल्या चौकटीत भेटणार? मालिकेतले ‘शिवाजी’ काढा आणि मुलांना एक काम द्या. अफझलखान किती चौकटींत आहे ते मोजा, आणि महाराजांच्या आरमाराचा दर्यासारंग दौलतखान किती चौकटींत आहे तेही मोजा. दहा कोटींच्या आकड्यात हे उत्तर सापडणार नाही. पान उलटूनच ते मिळेल.

याच मोजणीत चांगलेही हाती लागते. अमर चित्र कथेतली ‘मीराबाई’ रेखाटली आहे युसूफ लिएन या चित्रकाराने. आणि आपल्या ट्रंकेतला बहादूर! वेताळ-मँड्रेकच्या गर्दीत 1976 मध्ये आलेला हा देशी नायक आबिद सुरती यांनी निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. डाकूचा मुलगा, एका पोलीस अधिकाऱ्याने सांभाळलेला. बदल्याची वाट सोडून गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करणारा. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. त्याचे गाव जयगड. आम्हा पोरांना कितीतरी दिवस ते आपलेच, शास्त्री नदीच्या मुखावरचे जयगड वाटत असे. चंबळचे डाकू तिथे कसे येतात, हा प्रश्न आम्हाला पडला नाही! एका मुसलमान लेखकाने या देशाच्या मुलांना एक हिंदू नायक दिला आणि लाखो मुलांनी तो आपला मानला. आज आमच्या मुलांना हे ठाऊकच नाही. का? तर 1990 मध्ये अंक बंद पडले आणि जे बंद पडले ते टाकाऊ, असे आपण ठरवले. बहादूर हरला नव्हता. त्याचे दुकान बंद झाले होते.

आता दोन शब्द आपल्याच बाजूच्या लोकांना. खप म्हणजे दर्जा नव्हे, हे ऐकून आपल्यातले काही लेखक खूश होतील, कारण त्यांची पुस्तके खपत नाहीत. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की खप नसणे हेही दर्जाचे प्रमाणपत्र नाही. ‘आमचे लिखाण फार खोल, म्हणून वाचक कमी’ हे वाक्य आम्ही संमेलनांच्या मांडवांत पुष्कळ ऐकले आहे आणि स्वतःही कधीमधी बोललो आहोत. ती पळवाट आहे. जे मुलाने दोन पानांत खाली ठेवले, ते कितीही सद्हेतूने लिहिले असले तरी फसलेले आहे. पै यांनी नकार पचवला, मुलाला काय आवडते ते पाहिले, चित्र नेटके हवे यावर भर दिला, त्यातून वाचक मिळवला. ही शिकण्याची गोष्ट आहे. आपण मराठी मुसलमानांनी आपल्या मुलांसाठी चित्रकथा किती काढल्या? दौलतखानाची चौकट दुसऱ्याने काढली नाही म्हणून रडायचे, पण आपण पेन्सिल उचलायची नाही, हे किती दिवस?

तरीही तराजूचा मुद्दा राहतोच, आणि तो आपल्यासाठी जीवनमरणाचा आहे. मराठीत लिहिणारा मुसलमान संख्येने थोडा, त्याचा प्रकाशक लहान, त्याचे पुस्तक हजार प्रतींच्या आत. उद्या कुठल्या निवड समितीत, कुठल्या ग्रंथखरेदीच्या यादीत कुणी म्हणाले, ‘यांचा खप काय?’ तर आपण काय उत्तर देणार? त्या दिवशी आपण ओरडून सांगू की खप पाहू नका, पुस्तक उघडून पाहा. मग आज एका ट्रंकेच्या बाबतीत, पुस्तक न उघडता, खप पाहून निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? जो इन्साफ आपण मागतो तो आधी आपल्याला करता आला पाहिजे.

आमची मागणी फार मोठी नाही. त्या तरुण सभासदाची यादी फाडू नका, ती कष्टाने केलेली आहे आणि तिच्यात घेण्याजोगे पुष्कळ आहे. फक्त यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढचा खपाचा रकाना खोडा आणि तिथे वाचणाऱ्याचे नाव लिहा. समितीतल्या प्रत्येकाने दोन नवी पुस्तके आणि ट्रंकेतले दोन अंक घरी न्यावेत, स्वतः वाचावेत, नातवंडांना वाचू द्यावेत. पुढच्या बैठकीत कुणी किती कोटी म्हणायचे नाही. कोणत्या पानावर मूल थांबले, कुठे हसले, कोणता प्रश्न विचारला, तेवढेच सांगायचे.

ट्रंक सध्या आमच्या ओटीवर आहे. रद्दीवाला दोनदा विचारून गेला. त्याच्याकडेही तराजू आहे, आणि तो निदान प्रामाणिकपणे सांगतो की आपण फक्त वजन करतो.